‘हॉटेल कशाला, घरीच या!’ सिंगापूरला मित्राकडे उतरताना काय माहीत असायला हवे?

मुंबईहून विमानात बसले की साधारण साडेपाच तासांत सिंगापूर येते. घड्याळ फक्त अडीच तास पुढे करावे लागते. माहिती-तंत्रज्ञान, बँका, जहाज वाहतूक, संशोधन अशा क्षेत्रांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे तिथे स्थिरावली आहेत. त्यामुळे कोणाचा कॉलेजचा मित्र, कोणाची जुनी शेजारीण, कोणाचा ऑफिसमधला सहकारी तिथे असतोच. फोनवर बोलताना कधी तरी विषय निघतो आणि पलीकडून ऐकू येते, ‘हॉटेल कशाला, घरीच या!’

आमंत्रण मनापासूनचे असते. हॉटेलचा खर्च वाचतो, घरचे जेवण मिळते, शहर दाखवायला माहीतगार माणूस मिळतो. मात्र सिंगापूरमध्ये पाहुण्याची चूक नेहमीच पाहुण्यापुरती राहत नाही. पाहुणा मुदतीपेक्षा जास्त राहिला, राहण्याचे पैसे देऊन मोकळा झाला किंवा खिडकीच्या कठड्यावरून त्याच्या हातून काही खाली पडले, तर प्रश्न यजमानालाही विचारले जातात. तो मित्र स्वतः नोकरीच्या परवान्यावर राहत असेल, तर त्याला हे आणखी जड जाते. म्हणून बॅग भरण्यापूर्वी तिथले काही नियम आणि त्यामागची कारणे समजून घेतलेली बरी.

मित्राने बोलावले म्हणजे व्हिसा मिळतो का?

नाही. भारतीय पासपोर्टधारकांना सिंगापूरसाठी आधी व्हिसा घ्यावा लागतो. त्याचे शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे. अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. अधिकृत एजंटमार्फत अर्ज केल्यास त्याचे सेवाशुल्क वेगळे.

भारतातून बहुतेक जण अधिकृत व्हिसा एजंटमार्फत अर्ज करतात. दुसरा मार्ग सिंगापूरमधल्या ‘स्थानिक संपर्क’ व्यक्तीचा. ही व्यक्ती सिंगापूरची नागरिक किंवा कायम रहिवासी आणि किमान २१ वर्षांची असावी लागते. तिथल्या सरकारी ‘सिंगपास’ खात्यातून ती पाहुण्यासाठी ऑनलाइन अर्ज करू शकते. इथे अनेकांचा गोंधळ होतो. मित्र दहा वर्षे सिंगापूरमध्ये राहत असेल, पण अजून नोकरीच्या पासवर असेल, तर तो घर देऊ शकतो. मात्र केवळ तिथे राहतो म्हणून त्याला स्थानिक संपर्क होता येत नाही. अशा वेळी एजंटचा मार्ग सरळ असतो. त्यामुळे आमंत्रण स्वीकारताना मित्राला ‘तू कोणत्या पासवर आहेस?’ हे विचारण्यात संकोच करू नये.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान अशा काही देशांचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशांना तिसऱ्या देशात जाता-येता ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय सिंगापूरमध्ये थांबण्याची सवलत आहे. तिच्या अटी आहेत आणि अंतिम निर्णय विमानतळावरील अधिकाऱ्याचा असतो. केवळ मित्राला भेटून मुंबईला परतणाऱ्याला या सवलतीचा उपयोग नाही.

व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत एकच असते का?

पाहुणे सर्वाधिक फसतात ते या ठिकाणी. व्हिसावर जी तारीख असते, तिच्या आत सिंगापूरमध्ये प्रवेश करता येतो, एवढाच त्याचा अर्थ. आत आल्यावर किती दिवस राहायचे, हे विमानतळावर ठरते. त्यासाठी जो परवाना मिळतो त्याला ‘व्हिजिट पास’ म्हणतात. पूर्वी पासपोर्टवर शिक्का उमटायचा आणि दिवस त्यावर दिसायचे. आता शिक्का मारत नाहीत. प्रवेशानंतर प्रवाशाच्या ईमेलवर इलेक्ट्रॉनिक पास येतो. राहण्याची शेवटची तारीख त्यातच असते.

त्यामुळे एजंटचा ईमेल पत्ता देऊन टाकणे किंवा वर्षानुवर्षे न उघडलेला पत्ता लिहिणे महागात पडू शकते. घरातल्या ज्येष्ठांचा अर्ज मुलांनी भरला असेल, तर पास मुलांच्या ईमेलवर येतो आणि प्रत्यक्ष प्रवास करणाऱ्यांना तारीख माहीतच नसते. विमानतळावरून मित्राच्या घरी पोहोचल्यावर आधी तो ईमेल उघडून तारीख लिहून ठेवावी.

दुसरा खड्डा शेजारच्या देशाच्या सहलीचा. सिंगापूरच्या उत्तरेला खाडीवरचा पूल ओलांडला की मलेशियातले जोहोर बाहरू लागते. बोटीने इंडोनेशियाचे बातम बेट जवळ आहे. मित्र म्हणतो, ‘शनिवारी जाऊ, रविवारी परत येऊ.’ पाहुण्याचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर बाहेर पडताच तो संपतो आणि परत आत येता येत नाही. अशी सहल ठरवण्यापूर्वी व्हिसा किती प्रवेशांचा आहे हे तपासावे लागते.

अरायव्हल कार्ड कशासाठी?

सिंगापूरला येणाऱ्या परदेशी पाहुण्याने ‘एसजी अरायव्हल कार्ड’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत तो भरता येतो. त्याला शुल्क नाही. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी काही खासगी संकेतस्थळे याच फॉर्मसाठी पैसे उकळतात, म्हणून तो इमिग्रेशन अँड चेकपॉइंट्स ऑथॉरिटी, म्हणजे ‘आयसीए’च्या संकेतस्थळावर किंवा अॅपवरच भरावा. अरायव्हल कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, दोन्ही लागतात.

या फॉर्ममध्ये मुक्कामाचा पत्ता विचारला जातो. मित्राकडे उतरणार असाल तर त्याच्या घराचा पत्ता आणि सहा आकडी पिनकोड द्यायचा. सिंगापूरमध्ये बहुतेक इमारतींना स्वतःचा वेगळा पिनकोड असतो, त्यामुळे एक आकडा चुकला की पत्ता भलत्याच इमारतीचा होतो. मित्राला न विचारता त्याचा पत्ता देणेही बरे नाही. सरकारी नोंदीत त्याचे घर तुमचा ठिकाणा म्हणून जाते, हे त्याला माहीत असायला हवे.

मुदत उलटली तर मित्राचे काय होते?

सिंगापूरचा इमिग्रेशन कायदा १९५९ पासूनचा आहे आणि तो कडक आहे. मुदतीनंतर ९० दिवसांपर्यंत बेकायदा राहिल्यास ४ हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या पुरुषाला कैदेबरोबर किमान तीन फटक्यांची शिक्षा आहे.

अशा व्यक्तीला आसरा देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने आसरा दिल्याचे सिद्ध झाले तर सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि ६ हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होतो. केवळ निष्काळजीपणा झाला असेल तरी शिक्षा आहे. ‘मला माहीत नव्हते’ एवढे सांगून सुटका होत नाही. पाहुण्याचा पास तपासण्याची काळजी घेतली होती का, हा प्रश्न येतोच.

याचा अर्थ असा की मित्राने ‘तुझा पास एकदा दाखव’ म्हटले तर त्यात अविश्वास नाही. उलट पाहुण्यानेच तो ईमेल त्याला पाठवून द्यावा. आजारपण किंवा विमान रद्द होणे अशा कारणाने जास्त राहावे लागणार असेल, तर मुदत संपण्यापूर्वी आयसीएकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. मंजुरीची खात्री नसते, पण मुदत संपल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मित्राला राहण्याचे पैसे द्यावेत का?

मराठी माणसाला दहा दिवस फुकट राहणे अवघड वाटते. ‘हॉटेलला दिलेच असते ना, मग तुलाच देतो,’ असे म्हणून पाकीट पुढे केले जाते. सिंगापूरमध्ये हा सद्भाव अडचणीत आणू शकतो.

सिंगापूरचे चारपैकी तीनहून अधिक रहिवासी ‘एचडीबी’ म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या इमारतींत राहतात. ही घरे अनुदानित असून नागरिकांना राहण्यासाठी दिलेली आहेत. ती भाड्याने द्यायची तर किमान सहा महिन्यांसाठी द्यावी लागतात. पर्यटकांना अल्पकाळासाठी भाड्याने देता येत नाहीत. नियम मोडल्यास दंडापासून घर काढून घेण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. खासगी इमारतींत, ज्यांना तिथे ‘कॉन्डो’ म्हणतात, किमान मुदत तीन महिन्यांची आहे. तिथे अल्पकाळ भाड्याने देणाऱ्याला २ लाख सिंगापूर डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०१८ मध्ये अशाच प्रकरणात दोघांना प्रत्येकी ६० हजार सिंगापूर डॉलर दंड झाला होता. त्यांनी कॉन्डोमधल्या सदनिका ऑनलाइन जाहिरात करून अल्पकाळासाठी दिल्या होत्या.

मित्राला विनामोबदला घरी ठेवून घेणे आणि पर्यटकाला खोली भाड्याने देणे यांत कायदा फरक करतो. रोजचा दर ठरवून पैसे दिले की पहिली गोष्ट दुसरीसारखी दिसू लागते. त्यापेक्षा एका आठवड्याचे किराणा सामान भरावे, बाहेरच्या जेवणाचे बिल द्यावे किंवा मुलांसाठी काही आणावे. उपकाराची फेड होते आणि कोणाला हिशेबही द्यावा लागत नाही.

मित्र स्वतः भाडेकरू असेल तर आणखी एक गोष्ट येते. अनेक भाडेकरारांत पाहुणे किती दिवस राहू शकतात याचे कलम असते. केवळ एक खोली भाड्याने घेतलेल्या तरुणांच्या बाबतीत तर घरमालक त्याच घरात राहत असतो. असा मित्र भिडेपोटी ‘या’ म्हणतो आणि नंतर घरमालकाची बोलणी खातो. त्याला आधीच मोकळेपणाने विचारावे. अडचण असेल तर जवळच्या स्वस्त होस्टेलमध्ये झोपून दिवस मित्राबरोबर घालवता येतो.

सामानात काय नेऊ नये?

मित्राकडे जाणाऱ्या मराठी बॅगेत खाऊ असतोच आणि नेमकी तिथेच सर्वांत अनपेक्षित अडचण आहे. ती म्हणजे खसखस. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते. अनारसे खसखशीवर थापले जातात, कांदा-लसूण मसाल्यात आणि अनेक घरांच्या वाटणात ती असते. मात्र खसखस अफूच्या झाडाची. बियांना मॉर्फिनचा अंश चिकटलेला असू शकतो, म्हणून सिंगापूरचे अमली पदार्थविरोधी खाते तिला निषिद्ध मानते. मॉर्फिन नसल्याची चाचणी झाल्याशिवाय तिची आयात करता येत नाही. ‘थोडीशीच आहे, घरगुती आहे’ हा युक्तिवाद विमानतळावर कामाचा नाही. चिवडा, शेव, बेसनाचे लाडू न्यावेत. अनारसे मात्र घरीच ठेवावेत आणि तयार मसाल्याच्या पाकिटावरील घटक वाचून घ्यावेत.

औषधांचेही तसेच. स्वतःच्या वापरापुरती, तीन महिन्यांच्या आतली बहुतेक औषधे नेता येतात. मात्र झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या (उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, डायझेपाम), कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि तीव्र वेदनाशामके यांवर नियंत्रण आहे. त्यांच्यासाठी तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची, म्हणजे ‘एचएसए’ची पूर्वपरवानगी लागू शकते. कोणते औषध किती प्रमाणात चालते हे एचएसएच्या संकेतस्थळावर पाहता येते. हे काम निघण्यापूर्वी निदान दोन-तीन आठवडे करावे. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या सामानात ठेवावीत. रोजच्या गोळ्या एका प्लॅस्टिकच्या डबीत ओतून नेण्याची सवय इथे सोडावी.

गुटखा, खैनी आणि इतर चघळण्याच्या तंबाखूला बंदी आहे. ई-सिगारेट म्हणजे व्हेप केवळ जवळ बाळगणे हादेखील २०१८ पासून गुन्हा आहे. साध्या सिगारेटींना कोणतीही करमाफी नाही. एक पाकीट असले तरी ते जाहीर करून कर भरावा लागतो. च्युइंगगमच्या आयातीवर १९९२ पासून बंदी आहे. भेटवस्तूंबाबत मात्र नियम उदार आहे. ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ सिंगापूरबाहेर असलेल्या प्रवाशाला ५०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या नव्या वस्तूंवर वस्तू व सेवा कर लागत नाही. त्यापुढच्या रकमेवर ९% कर आहे. दारू आणि तंबाखूला ही सवलत लागू नाही; दारूच्या करमाफीचे नियम वेगळे आहेत.

दुसऱ्याचे पार्सल न्यावे का?

‘तू जातोच आहेस, तर हे एवढे आमच्या पुतण्याला दे’ ही विनंती मोडणे कठीण जाते. पण सिंगापूरच्या अमली पदार्थ कायद्याची रचना लक्षात घेतली तर ती मोडावीच लागते. सामान ज्याच्या ताब्यात सापडले, त्याला आतल्या पदार्थाची माहिती होती असे हा कायदा गृहीत धरतो. माहिती नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावर येते. सर्वसाधारण फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते. इथे ते बऱ्याच अंशी उलटते. ठरावीक मर्यादेच्या वर, हेरॉइनच्या बाबतीत १५ ग्रॅमपेक्षा जास्त, तस्करीसाठी फाशीची शिक्षा आहे.

अगदी जवळच्या नातेवाइकाचे सामान असेल तर ते उघडून, प्रत्येक वस्तू पाहून, स्वतःच्या हाताने भरावे. शिवलेले, चिकटवलेले पार्सल घेऊ नये. नकार देणे वाईट दिसत असेल तर कायद्याचे कारण पुढे करावे. ते खरेच आहे.

कधी जावे?

सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम सव्वा अंशावर आहे. त्यामुळे तिथे उन्हाळा आणि हिवाळा असे वेगळे ऋतू नाहीत. वर्षभर दिवसाचे तापमान ३१-३३ अंशांच्या आसपास आणि हवा दमट. कोकणातला मे महिना बारा महिने चालावा तसे. पाऊस कधीही येतो, पण ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे डिसेंबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला तो जास्त असतो. काही वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर शहरावर येतो. दम्याच्या रुग्णांनी त्या काळात हवेची स्थिती पाहून ठरवावे.

हवामानापेक्षा महत्त्वाची असते मित्राची सोय. तिथल्या रोजगार कायद्यानुसार पहिल्या वर्षी किमान सात दिवसांची पगारी रजा मिळते आणि पुढे वर्षाला एक दिवस वाढत ती १४ दिवसांपर्यंत जाते. अनेक कंपन्या याहून जास्त देतात, पण त्यातलीच बरीच रजा भारतात आई-वडिलांकडे येण्यासाठी राखलेली असते. पाहुण्यासाठी मित्राने आठवडाभर सुट्टी घ्यावी ही अपेक्षा म्हणूनच जड असते. घरात सहावीतले मूल स्थानिक शाळेत जात असेल तर सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरची सुरुवात टाळावी. त्या सुमारास प्राथमिक शाळा सोडण्याची परीक्षा असते. पुढची शाळा तिच्यावर ठरते आणि दहावीच्या घरात असते तसे वातावरण त्या घरात असते.

सुदैवाने शहर एकट्याने फिरायला सोपे आहे. मेट्रो आणि बसमध्ये परदेशी वापर चालू केलेले संपर्कविरहित बँक कार्ड टेकवून प्रवास करता येतो. मेट्रोत खाणे-पिणे चालत नाही. पाण्याचा घोट घेतला तरी दंड होऊ शकतो. ‘हॉकर सेंटर’ या खाऊगल्लीसारख्या उपाहारगृहांत जेवण झाल्यावर ट्रे स्वतः परत ठेवणे २०२१ पासून बंधनकारक आहे.

घरात वावरताना कशाची काळजी घ्यावी?

सिंगापूरमधली बहुतेक घरे उंच इमारतींत आहेत. खिडकीतून वस्तू खाली पडणे हा तिथे गंभीर विषय आहे. खिडकीच्या कठड्यावर कुंडी, ओला टॉवेल, पाण्याची बाटली ठेवू नये. जुन्या एचडीबी इमारतींत खिडकीबाहेर बांबूंवर कपडे वाळत घालतात. ते घालण्याची रीत असते, म्हणून आधी यजमानाला विचारावे. पिळून न काढलेल्या कपड्यांचे पाणी खालच्या मजल्यावरच्या कपड्यांवर ठिबकते आणि तक्रार मित्राच्या दारात येते. इमारतीच्या सामाईक मार्गिका, जिना आणि लिफ्टमध्ये धूम्रपानाला बंदी आहे.

पाणी साचू देऊ नये. डेंग्यू हा सिंगापूरचा कायमचा प्रश्न आहे. पर्यावरण खात्याचे निरीक्षक घरात येऊन फुलदाणी, कुंडीखालची ताटली, बादल्या तपासू शकतात. अळ्या सापडल्या तर दंड घरातल्यांना होतो. मित्र कामावर गेल्यावर झाडांना पाणी घालण्याची मदत करायची असेल तर ताटलीतले पाणी काढून टाकणेही त्या मदतीचा भाग समजावे.

अनेक घरांत राहून काम करणारी परदेशी मदतनीस असते. तिथे तिला ‘हेल्पर’ म्हणतात. इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमार आणि भारतातूनही आलेल्या अशा सुमारे तीन लाख महिला सिंगापूरमध्ये आहेत. घरात चार पाहुणे आले की स्वयंपाक, भांडी, कपडे, अंथरुणे हे सगळे तिच्यावर वाढते आणि त्याचा विचार आमंत्रण देणारा व स्वीकारणारा दोघेही सहसा करत नाहीत. तिला आठवड्याला एका सुट्टीचा हक्क आहे. बाकीच्या सुट्ट्यांच्या बदल्यात पैसे घेता येत असले, तरी महिन्यातली निदान एक सुट्टी पैसे देऊनही रद्द करता येत नाही, असा नियम १ जानेवारी २०२३ पासून आहे. बाहेरच्या बाजूने खिडक्या पुसण्याचे काम तिला देण्यावर सुरक्षेच्या कडक अटी आहेत, कारण अशा कामात खाली पडून मृत्यू झाले आहेत. तिचा परवाना मालकाच्या घरापुरता असतो, म्हणून ‘दोन दिवस तिला आमच्या दुसऱ्या मित्राकडे पाठव’ हेही बेकायदा आहे. आपले ताट उचलणे, आपले कपडे घडी करणे आणि निघताना यजमानाला विचारून तिला काही भेट देणे एवढे पाहुण्याच्या हातात असते.

मित्र चिनी किंवा मलय असेल तर?

सिंगापूरच्या नागरिक व कायम रहिवाशांत सुमारे ७४% चिनी, १३% मलय आणि ९% भारतीय वंशाचे आहेत. कामाच्या निमित्ताने ओळख झालेला मित्र यांपैकी कोणत्याही घरातला असू शकतो. चपला दाराबाहेर काढणे ही रीत सगळीकडे सारखीच.

चिनी घरी घड्याळ भेट देऊ नये. ‘घड्याळ देणे’ या शब्दांचा उच्चार चिनी भाषेत ‘अंत्यविधीला हजर राहणे’ याच्यासारखा होतो. चार या आकड्याचा उच्चार ‘मृत्यू’च्या जवळचा असल्याने चार नगांचा संच टाळतात. चिनी नववर्षाला संत्री जोडीने नेतात आणि दोन्ही हातांनी देतात. मलय कुटुंबे मुस्लिम असतात. तिथे दारू आणि दारू घातलेली चॉकलेटे नेऊ नयेत. खाद्यपदार्थ हलाल असल्याची खात्री करावी. भारतातला सुकामेवा किंवा चहा बहुतेक ठिकाणी चालून जातो. शाकाहारी पाहुण्याने आपले खाणे आधीच स्पष्ट सांगावे. अंडे, मासळीचा सॉस, सुकी कोळंबी यांची नावे घेऊन सांगावे, कारण ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक स्वयंपाकघरात वेगळा असतो.

पाहुणा आजारी पडला तर?

सिंगापूरची रुग्णालये उत्तम आहेत आणि परदेशी पाहुण्यासाठी महाग आहेत. तिथले सरकारी अनुदान पाहुण्यांना मिळत नाही. दाखल होताना रुग्णालय अनामत रक्कम मागू शकते आणि अशा वेळी कार्ड पुढे करायला जवळ मित्रच असतो. दोन कुटुंबांची जुनी मैत्री एखाद्या मोठ्या बिलावरून अवघडून जाऊ शकते. प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार त्यात समाविष्ट आहेत का, हे कागदावर वाचून घ्यावे आणि पॉलिसीची प्रत यजमानाकडे द्यावी. रुग्णवाहिकेसाठी ९९५ आणि पोलिसांसाठी ९९९ हे क्रमांक आहेत.

तिकीट काढण्यापूर्वी मित्राला काय विचारावे?

प्रश्न थोडेच आहेत. तू नागरिक, कायम रहिवासी की नोकरीच्या पासवर? घर स्वतःचे की भाड्याचे आणि करारात पाहुण्यांबद्दल काय लिहिले आहे? मुलांच्या परीक्षा कधी? आम्ही किती दिवस राहिलो तर तुम्हाला खरोखर सोयीचे? यातला शेवटचा प्रश्न विचारताना स्वतःच एक आकडा सुचवावा, म्हणजे मित्राला होकार-नकार देणे सोपे जाते. त्यानंतर तिकीट काढावे आणि परतीची तारीख त्याला कळवावी. अरायव्हल कार्डात पत्ता त्याच्या घराचा असतो; ते घर आपल्यामुळे अडचणीत येणार नाही, एवढी खात्री पाहुण्याने घरून निघतानाच करून घ्यायची असते.